दार, चूल आणि जूनचे तिकीट

पत्राचा सारांश : मूळच्या नगर जिल्ह्यातील एक भगिनी गेली चार वर्षे पती आणि दोन मुलांसह आफ्रिकेतील मलावी देशात, झोंबा या शहरात राहत आहेत. पती पाळक असून तेथील एका बायबल महाविद्यालयात शिकवतात. भारतातील एका मिशनरी संस्थेने त्यांना पाठवले आहे आणि त्यांचा दरमहाचा खर्च महाराष्ट्रातील काही ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) मिळून उचलतात. या भगिनी प्रशिक्षित परिचारिका आहेत, परंतु मलावीत त्यांची नोंदणी झालेली नसल्यामुळे त्या पूर्ण वेळ घर सांभाळतात. दिवसातले कित्येक तास वीज नसते, पाणी पहाटे येते, सकाळपासून दारात मदत मागणारे उभे असतात आणि जेवणाच्या वेळी तीन-चार विद्यार्थी न सांगता येतात. घरकामाला असलेल्या स्थानिक स्त्रीला त्यांनी गेल्या वर्षी कमी केले, कारण भारतातून आलेल्या एका पाहुण्याने ‘मिशनरीच्या घरात मोलकरीण शोभत नाही’ असा शेरा मारला होता. सहा वर्षांच्या मुलाला गेल्या पावसाळ्यात तीनदा मलेरिया झाला. अकरा वर्षांची मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत किंवा चिचेवा भाषेत उत्तर देते. गावी आई एकटी आहे. पतीच्या सेवेची अजून तीन वर्षे बाकी आहेत. त्या विचारतात : “जूनमध्ये गावाकडच्या शाळा उघडतात, तेव्हा मुलांना घेऊन मी परत यावे आणि यांनी तीन वर्षे पूर्ण करून यावे, हे योग्य ठरेल का? देवाचे पाचारण दोघांना झाले आहे असे मंडळीपुढे सांगून आम्ही निघालो होतो. आता घरकामापुढे मी हरले, हे कोणत्या तोंडाने सांगू? यांच्याजवळ मी अजून काही बोललेले नाही.”

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला सर्वांत जास्त जाणवली ती तुमची क्षमायाचना. पाणी नाही हे सांगण्याआधी क्षमा, दारातल्या माणसांचा कंटाळा येतो हे लिहिण्याआधी क्षमा, आईची आठवण येते यासाठीसुद्धा क्षमा. दुसऱ्या वाचनात मी ते सारे बाजूला ठेवले आणि तुम्ही एका मंगळवारचा जो दिनक्रम लिहिला आहे, तेवढा एका वेगळ्या कागदावर उतरवून घेतला. पहाटे साडेचारला उठून बादल्या भरणे, वीज सहाला जाते म्हणून त्याआधी डबे आणि भात उरकणे, पिण्याचे पाणी उकळून गाळणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजार, कोळसा, कपडे, दुपारी दारात आलेल्या सात माणसांशी बोलणे, संध्याकाळी तीन विद्यार्थ्यांचे अचानक जेवण, मुलीचा अभ्यास आणि रात्री दहा वाजता कोळशाची इस्त्री.

त्या इस्त्रीजवळ मी थांबले. इकडच्या वाचकांना कळावे म्हणून सांगते : त्या भागात पुत्सी नावाची एक माशी वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि त्यातून निघालेली अळी माणसाच्या कातडीत शिरून गळवासारखी वाढते. म्हणून बाहेर वाळवलेल्या प्रत्येक कपड्याला, लहान मुलांच्या चड्डी-बनियनपासून पांघरुणाच्या शिवणीपर्यंत, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवावी लागते. वीज नसेल तर इस्त्रीत निखारे भरायचे. चौघांचे कपडे, चादरी, टॉवेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या कामाचा उल्लेख तुम्ही मंडळ्यांना पाठवत असलेल्या प्रार्थनापत्रकात कधी झाला आहे का? मला वाटत नाही. त्यात वर्ग, बाप्तिस्मे, सभा आणि पुस्तके यांची माहिती जात असणार. तुमच्या मंगळवारातले साडेसतरा तास त्यात कुठेही नसतात, आणि जे कागदावर कुठेच नाही ते हळूहळू तुमच्या स्वतःच्या नजरेतही काम राहिलेले नाही. म्हणून त्या कामाने आलेला थकवा तुम्हाला थकवा वाटत नाही, विश्वासाची कमतरता वाटते.

पवित्र शास्त्र तुम्ही माझ्याइतकेच वाचले आहे. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला, तर त्याला झोपू दिले आणि दुसऱ्यांदा जेवू घातले. त्याच्या विश्वासाची चौकशी त्या वेळी कोणी केली नाही. ज्या म्बाउलावर, म्हणजे तिकडच्या कोळशाच्या शेगडीवर, तुम्ही रोज चौघांचे आणि विद्यार्थ्यांचे अन्न शिजवता, तिच्याकडे त्या गोष्टीतून एकदा पाहा, एवढीच माझी विनंती आहे.

आता परिस्थितीकडे येऊ. चार वर्षांपूर्वी तुम्ही ज्या देशात गेलात, तो देश या चार वर्षांत फार होरपळला आहे. मलावीची बहुतेक वीज शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते. जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळाच्या पुराने कापिचिरा येथील केंद्राचे मोठे नुकसान झाले आणि ते वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. मार्च २०२२ पासून कॉलऱ्याची साथ पसरली, तिने सतराशेहून अधिक बळी घेतले. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावी झोडपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्वाचाचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, ४४ टक्के अवमूल्यन झाले आणि एका डॉलरमागे सुमारे १,१८० क्वाचा असलेला दर १,७०० वर गेला. तुमच्या संस्थेने तुमचे अंदाजपत्रक तुम्ही निघण्यापूर्वी आखले आणि ते आजही तसेच आहे, असे तुम्ही लिहिता. इकडे कदाचित असा समज असेल की डॉलरला जास्त क्वाचे मिळतात म्हणजे तुमचे बरे चालले असेल. पण पैसे बँकेच्या दराने हाती येतात आणि दुकानातल्या किमती खुल्या बाजारातल्या चढ्या दराने ठरतात, हे इथल्या खजिनदाराला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसे? तेव्हा ‘घरकामापुढे मी हरले’ हे वाक्य मला मान्य नाही. ज्या चार वर्षांत एका देशाची वीज, पाणी आणि चलन ही तिन्ही डळमळली, त्या चार वर्षांत तुम्ही एकही दिवस घरातली चूल बंद पडू दिलेली नाही.

पहिला व्यवहारी मुद्दा त्या कमी केलेल्या बाईंचा. पाहुण्यांच्या शेऱ्यामागची भावना मी समजू शकते. आपल्याकडच्या जुन्या मिशन बंगल्यांच्या मागे नोकरांच्या खोल्यांची ओळ असे, स्वयंपाकी वेगळा, आया वेगळी, माळी वेगळा, आणि त्या व्यवस्थेतले अंतर आपल्या आजी-आजोबांनी जवळून पाहिले होते. आपण कोणाचे तसे मालक होऊ नये, हा संकोच चांगलाच आहे. पण त्यावरचा उपाय कामावरून काढणे हा नव्हता. तुम्हीच लिहिता की तिच्या पगारावर पाच माणसे जेवत होती आणि तिच्या मुलीच्या शाळेचा गणवेश त्यातून होत होता. तिचा रोजगार गेला, तुमची पाठ गेली, आणि मंडळीच्या पैशातून वाचले ते थोडेसे क्वाचे. तिला परत बोलवा. मलावीत घरकामासाठी शासनाने किमान वेतन ठरवून दिलेले आहे, त्याच्या वर पगार द्या, आठवड्याची सुटी आणि आजारपणाची रजा लेखी ठरवा, तिला तुमच्याच टेबलावर जेवायला बसवा, आणि अंदाजपत्रकात ‘घरकाम-साहाय्य’ असा रकाना उघडपणे घाला. जे लपवावे लागत नाही त्याची लाज वाटत नाही.

यालाच जोडून दुसरी गोष्ट, जी तुमच्या पत्रात फक्त एका ओळीत आहे. तुम्ही लिहिता, पाचारण दोघांना झाले. मग कामाचे वेळापत्रक एकालाच का मिळाले? तुम्ही परिचारिका आहात, आणि ज्या देशात परिचारिकांची एवढी गरज आहे, तिथे चार वर्षे तुमचे शिक्षण बादल्यांखाली दबून राहिले आहे. मलावीच्या परिचारिका व प्रसाविका परिषदेकडे नोंदणीसाठी काय कागद लागतात आणि तुमच्या तिथे राहण्याच्या परवान्यावर असे काम करता येते का, याची चौकशी या महिन्यात सुरू करा. पूर्ण नोकरी नको, आठवड्यातून दोन अर्धे दिवस जवळच्या मिशन दवाखान्यात पुरे आहेत. ‘थकलेल्या बाईला आणखी काम कशाला?’ असे कोणी विचारील. मला मात्र वाटते की तुमच्या थकव्यातला मोठा भाग कामाच्या ओझ्याचा नसून, ज्या कामासाठी तुम्ही घडलात ते हातून सुटल्याचा आहे. मी चुकत असेन तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता दार. दाराबाहेरून ‘ओडी!’ (आत येऊ का?) अशी हाक आली की पोटात गोळा येतो, असे तुम्ही लिहिले आहे. मला ती भीती परकी नाही. माझे वडील राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात पाळक होते आणि आमच्या दाराला दिवसा कडी नसे. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. वडील मागेल त्याला देत, घरातल्या पिठातूनसुद्धा देत, आणि आईला दुसऱ्या दिवशी आमच्या भाकरीची चिंता पडे. एके दिवशी आईने डालड्याचा एक रिकामा डबा घासून दाराजवळच्या फळीवर ठेवला. महिन्याच्या पहिल्या तारखेला एक पायली बाजरी ती त्यात ओती, वर एक मापटे ठेवी, आणि वडिलांना म्हणाली, “तुम्ही द्या, कोणाला द्यायचे तेही तुम्हीच ठरवा, पण यातून द्या.” डबा संपला की ती दारात आलेल्या बाईसमोर तो उपडा करून दाखवी. “माझ्या हाती आज काही नाही, बस, पाणी पी,” असे म्हणे. ती बाई पाणी पिई, दोन गोष्टी बोले आणि जाई. कोणी रागावून गेल्याचे मला आठवत नाही. रिकामा डबा पाहिल्यावर त्यांना आम्हीही त्यांच्यासारखेच वाटत असू.

तुमच्याकडे जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने असतात, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात. त्या महिन्यांसाठी डबा मोठा ठेवा आणि एप्रिलमध्ये कापणी झाल्यावर लहान करा. रक्कम पती-पत्नींनी मिळून ठरवावी. पैशाऐवजी मक्याचे पीठ, साबण आणि वह्या ठेवल्यास उत्तम. आठवड्यातले दोन दिवस दुपारची ठरावीक वेळ सांगा. आजारी मूल आणि मयत यांना मात्र वेळेचे बंधन नको. तुम्ही धरून चालला आहात की तिथल्या माणसांची अपेक्षा अमर्याद आहे आणि ‘नाही’ म्हणणे म्हणजे त्यांचा अपमान. हे तुम्हाला कोणी सांगितले? मलावी कुटुंबांच्या दारातही माणसे येतात. ती कुटुंबे नकार कसा देतात, कोणत्या शब्दांत देतात, कोणाला कधीच नाकारत नाहीत, हे तुमच्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा. तिथे तुम्हाला ‘मायी बुसा’, म्हणजे पाळकीणबाई, म्हणून हाक मारतात. तुमच्या आधी त्या मंडळीत अनेक मायी बुसा होऊन गेल्या असतील आणि त्यांनीही डबे भरले व उपडे केले असतील. त्यांच्यापैकी एकीशी मैत्री झाली, तर ती माझ्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांच्या जेवणाबाबत एवढेच, की शुक्रवार त्यांचा. बाकी दिवशी दुपारचा चहा आणि शेंगदाणे. पाळकसाहेबांनीच हे वर्गात सांगावे, तुम्ही दारात सांगू नये.

स्वयंपाकावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमचा एक खर्च मला टळण्यासारखा दिसतो. तुरीच्या डाळीसाठी आणि पिठासाठी तुम्ही महिन्यातून एकदा ६५ किलोमीटरवरच्या ब्लँटायरला भारतीय दुकानांत जाता, मिनीबसचे भाडे आणि एक अख्खा दिवस घालवता. तुमच्या अवतीभवतीच्या शेतांत ‘नांदोलो’ नावाचे जे पीक उभे असते ते नीट पाहिले आहे का? ती तूर आहे. दक्षिण मलावी हे तुरीचे मोठे क्षेत्र आहे आणि तिथली तूर जहाजाने भारतात येते. म्हणजे तुम्ही कदाचित घराजवळ पिकलेलीच डाळ लांबच्या दुकानातून चढ्या भावाने आणत असाल. सुगीच्या सुमारास बाजारातून अख्खी तूर घ्या, भिजवून वाळवा आणि भरडून घ्या, किंवा अख्खीच आमटीला वापरा. ‘मापिरा’ म्हणजे आपली ज्वारी, ‘मचेवेरे’ म्हणजे बाजरी आणि ‘मावेरे’ म्हणजे नाचणी. कोंड्यासकट दळलेल्या मक्याच्या पिठाला तिथे ‘म्गायवा’ म्हणतात, गरम पाण्यात मळले तर त्याची भाकरी सुरेख होते. शेंगदाण्याला तोटा नाही, म्हणजे कूट आणि चटणी आहेच, आणि भोपळ्याच्या पानांची भाजी तिथेही रोज होते. परदेशातल्या घराला आपल्या चवीसाठी दुकानच लागते, असे आपण मानतो. नगरच्या बाईला ज्या धान्याची सवय आहे, ते धान्य झोंब्याच्या बाजारात बायका पाटीत घेऊन बसलेल्या असतात, फक्त नाव वेगळे असते.

इंधनासाठी आपल्या आज्यांची युक्ती अजून चालते. रात्रभर भिजवलेली तूर किंवा घेवडा झाकणाच्या जाड भांड्यात दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळू द्यावा, आणि ते भांडे गोधडीत घट्ट गुंडाळून मोठ्या टोपलीत तीन-चार तास ठेवावे. कोळसा निम्म्यावर येतो आणि वीज कधी गेली याची पर्वा उरत नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तिकडच्या जून-जुलैच्या थंडीत म्बाउला झोपण्याच्या खोलीत नेऊ नका, खिडकी किलकिली ठेवूनसुद्धा नको. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपेत असलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

मुलाच्या तापाबद्दल तुम्हाला शिकवण्याचा मला अधिकार नाही, पण पत्रातल्या एका वाक्याने मी थबकले. “तिसऱ्या वेळी आम्ही घरीच औषध सुरू केले.” त्या वेळी रक्त तपासले होते का? तीनपैकी किती वेळा तपासणीत मलेरिया निघाला होता? स्वतःच्या लेकराच्या बाबतीत परिचारिकेतली आई पुढे येते आणि परिचारिका मागे राहते, हे नैसर्गिक आहे. म्हणून ठरवूनच टाका की ताप आला की त्याच दिवशी तपासणी, अंदाजाने औषध नाही. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचली जाते का, फाटली आहे का, संध्याकाळी मुलगा अंगणात कुठे खेळतो, खिडक्यांच्या जाळ्या कुठे सुटल्या आहेत, हे तिकडच्या पावसाळ्याआधी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, पाळकसाहेबांनी हातात हातोडी घेऊन पाहावे. पावसाळ्यात त्याला प्रतिबंधक गोळ्या द्याव्यात का, हे तिथल्या बालरोगतज्ज्ञाला विचारा. एवढे करूनही पुढच्या पावसाळ्यात त्याला पुन्हापुन्हा मलेरिया झाला, रक्त कमी होत गेले, तर परत येण्याचा निर्णय त्या एका कारणावरही योग्य ठरेल आणि त्यासाठी कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलांना घेऊन तुम्ही यावे, पतीने तीन वर्षे एकटे राहावे.

ज्या भूमीवर तुम्ही राहता तिथे हा प्रश्न फार जुना आहे. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी एप्रिल १८५२ मध्ये केप टाउनहून पत्नी मेरी आणि चार मुलांना ब्रिटनला रवाना केले. कारणे तुमच्यासारखीच होती, मुलांचे आजार आणि शिक्षण, आणि ती खोटी नव्हती. लिव्हिंग्स्टन डिसेंबर १८५६ मध्ये परतले. मधली साडेचार वर्षे मेरी मुलांना घेऊन स्थिर घराविना, पैशाच्या ओढाताणीत राहिल्या. पुढे त्या पुन्हा आफ्रिकेत पतीकडे आल्या, आणि काही महिन्यांतच, २७ एप्रिल १८६२ रोजी, झांबेझीकाठी शुपांगा येथे तापाने गेल्या. लेकरे लहान असताना संध्याकाळी त्यांच्याशी खेळण्याइतके त्राण आपल्यात उरत नसे, आणि नंतर खेळायला लेकरेच जवळ राहिली नाहीत, अशी खंत लिव्हिंग्स्टन यांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्या नावाचे स्मरण ब्लँटायर शहराच्या नावातही आहे, कारण ते त्यांच्या जन्मगावाचे नाव. पण त्या कामाची किंमत कोणी मोजली, हेही तुमच्या घरात बोलले गेले पाहिजे.

तुम्ही परत आलात तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. आईजवळ राहता येईल, मुलाचा ताप थांबेल, वीज-पाण्याची विवंचना कमी होईल, हे खरे लाभ आहेत. पण दोन मुलांचे सगळे पुन्हा एकट्या तुमच्यावरच येईल, आणि या वेळी रात्री दहाला बोलायला समोर माणूस नसेल. दोन घरे एका अंदाजपत्रकात चालवावी लागतील. सहा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांचा होईल तेव्हा वडील त्याला फोनच्या पडद्यावरचे गृहस्थ वाटतील. पाळकसाहेब झोंब्यात म्बाउला पेटवणार, इस्त्री करणार आणि दारातल्या सात माणसांशी बोलणार. मला शंका आहे की सहा महिन्यांत त्यांचे शिकवणेच थांबेल, कारण ज्या कामावर ते उभे आहे ते काम तुम्ही करत होता. ते काम तुमच्याबरोबर परत येईल, तेव्हाच ते त्यांना दिसेल. तो दिवस उगवण्याची वाट का पाहावी?

म्हणून माझे मत असे, की या जूनमध्ये एकटीने येऊ नका. सर्वांनी मिळून परत यायचे ठरले, तर तो सन्मानाचा निर्णय असेल. सर्वांनी राहायचे ठरले, तर वर लिहिलेले बदल करून, आणि एक तारीख ठरवून राहा. पुढच्या डिसेंबरच्या सुटीत चौघांनी बसून पुन्हा पाहायचे, राहायचे की निघायचे. ती तारीख संस्थेला आधी लेखी कळवा. दरम्यान आईसाठी एक काम करा. तुमच्या गावच्या मंडळीला पत्र लिहून विचारा की आठवड्यातून दोनदा कोणी आईकडे जाऊन बसेल का. ज्या मंडळीने मुलगी परदेशी पाठवली, तिच्यावर त्या मुलीच्या आईचा हक्क आहे. तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इकडे साडेनऊ होतात, तेव्हा आईला फोन दुपारी करा, तिच्या झोपेच्या वेळी नको.

मुलीबद्दल मी शेवटी लिहीत आहे, कारण तिचा विचार करताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. तिने तुम्हाला विचारले, “घरी जायचे म्हणजे कुठे जायचे?” आणि तुम्ही रडलात. ताई, ती मराठी विसरते आहे हे दुःख मोठे आहे. पण ती चिचेवात उत्तर देते याचा अर्थ तिला तिथे मैत्रिणी आहेत, ती त्या जागी रुजली आहे. अकरा वर्षांतली चार वर्षे, आणि तीही कळत्या वयाची, तिने तिथे काढली आहेत. जूनमध्ये तिला नगरच्या सहावीत बसवताना तुम्ही तिला घरी आणत नसाल, घरातून काढत असाल. भारतात आलेल्या परदेशी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी कोडाईकनालला १९०१ मध्ये निवासी शाळा निघाली. तिथल्यासारख्या शाळांत वाढलेल्या कित्येक मुलांना पुढे अमेरिकेत गेल्यावर भारताचीच ओढ लागे. तिला काय हवे ते तिला विचारा, निर्णय मात्र तिच्या माथी मारू नका. मराठीसाठी रागावणे सोडा. रात्रीची प्रार्थना मराठीत ठेवा, आजीचा फोन तिला घेऊ द्या, आणि आजीला सांगा की तिने चुका सुधारू नयेत. शाळेबाबत, परत यायचे ठरल्यास कोणत्या शिक्षण मंडळाच्या कोणत्या इयत्तेत प्रवेश मिळेल आणि तिथल्या शाळेचे कोणते दाखले लागतील, हे आताच विचारून ठेवा, म्हणजे डिसेंबरमध्ये हाती माहिती असेल.

हे सारे तुमच्या पतीशी बोलल्याशिवाय होणार नाही. ‘त्यांना दुःख होईल, त्यांचे काम मोडेल’ असे धरून तुम्ही चार वर्षे गप्प राहिलात. त्यांनाही प्रश्न समजण्याची, चुकण्याची आणि सुधारण्याची संधी त्यामुळे मिळालेली नाही. पत्रावरून ते मला कठोर वाटत नाहीत, फक्त त्यांना घर आपोआप चालते असे वाटते. बोलणे कुठून सुरू करावे, असे तुम्ही विचाराल. जूनच्या तिकिटापासून सुरू करू नका, नाहीतर सगळे बोलणे तिकिटावरच अडकेल. या शनिवारी रात्री मुले झोपल्यावर इस्त्रीत निखारे तुम्ही भरा, इस्त्री त्यांच्या हाती द्या, आणि कपड्यांच्या ढिगाजवळ बसून तो मंगळवारचा दिनक्रम त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा.